अक्काचा अंतरा, माझं ट्रम्पेट

अक्का, तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, कनाती उतरल्या, आणि तुझा तो जांभळा चमकीचा ब्लाउज घडी घालून ठेवायचं काम माझ्या वाट्याला आलं. निम्म्या टिकल्या माझ्या मांडीवर गळल्या. इतकी वर्षं झाली, अजून गळतच आहेत. त्या टेलरला मी तेव्हाच सुनावलं होतं, "दुहेरी दोऱ्यानं लाव, नाहीतर परत घेऊन येईन." तू मधे पडलीस. "जाऊ दे गं कुंदे, गळल्या तर स्टेजवर चमकतील."

माझ्या प्रत्येक सौद्यात तू अशीच मधे पडत आलीस.

आता सगळे म्हणतात, अक्काविषयी चार शब्द लिही. मला हसू आलं. आख्ख्या कारकिर्दीत तुझ्या शेजारी उभी राहिले आणि मला गाण्यातला एक शब्द मिळाला नाही. पंचवटीच्या फुलबाजारात माझं तोंड सुरू झालं की व्यापारी मान खाली घालतात, आणि स्टेजवर त्याच कुंदाच्या वाट्याला काय, तर "पॅरा पॅ पॅ". ट्रम्पेट. तेही तोंडानं. तेव्हा आज मी लिहिणार आहे, आणि चार शब्दांवर भागणार नाही. तू मधे बोलू नकोस.

ज्यांनी आपल्याला ऐकलं नाही त्यांना आधी सांगायला हवं की 'डिस्को भावंडं' हे नाव आपण ठरवलं नव्हतं. पेंटरला मी बजावलं होतं की झोकदार इंग्रजी नाव टाक. त्याला स्पेलिंग येईना, मला येईना, आणि मंडळाचा माणूस बोर्डासाठी दारात उभा. शेवटी पेंटरनं विचारलं, "तुम्ही एकमेकांचे कोण?" तू म्हणालीस, "भावंडं." त्यानं तेच रंगवलं आणि खाली झेंडूचं फूल काढलं. मी बोर्ड परत करायला निघाले होते. तू म्हणालीस, "खोटं काय हाय त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. मखमलाबादला आबांचं झेंडूचं शेत. सकाळी तोडणीला आपण चौघं चार सरींत, तू पुढं, तुझ्यामागं मी, मग रमेश, शेवटी बेबी. पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला रेडिओ टांगलेला. आबांचा एकच नियम होता, "तोंड चालू द्या, हात थांबला नाय पाहिजे." रेडिओवर डिस्को लागलं की तू शब्द उचलायचीस. रमेश रिकाम्या पाटीवर ताल धरायचा. बेबी लहान, तिला ओळ पाठ व्हायची नाही, म्हणून ती प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पुन्हा म्हणायची, आणि तो कसा विहिरीतून आल्यासारखा वाटायचा. राहिली वाद्यं. एकदा हौसेनं मी तोंडानं ट्रम्पेट वाजवून दाखवलं आणि ते कायमचं माझ्या गळ्यात पडलं.

आपल्या नाचाचंही तसंच. उजव्या हातानं फूल खुडायचं, ओटीत टाकायचं, एक पाऊल पुढं, की डावा हात. स्टेजवर तेच केलं, फक्त ओटी नव्हती. घोटीच्या कार्यक्रमानंतर एका पोरानं तुला विचारलं, "ताई, तुमचा डान्समास्टर कोण? मुंबईचा दिसतो." तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "झेंडू. मखमलाबादचा हाय."

घोटीचा तो कार्यक्रम मला पुरता आठवतो. तिथल्या मंडळानं चौघांत दोन माईक ठेवले होते. मी अध्यक्षाला म्हटलं, "चार लागतील."

"बाई, इथं कीर्तनकार बुवा एका माईकवर दोन तास बोलतात."

"मग बुवांनाच नाचवा."

त्यानं तिसरा माईक शेजारच्या राईस मिलमधून मागवला. मी चौथ्यासाठी अडून बसले. तू पदर खोचून आलीस आणि म्हणालीस, "तीन पुरे. मी आणि कुंदा एकावर गाऊ." अध्यक्ष खूश, मी लाल. तेव्हापासून आपण दोघी एका माईकवर. तुझ्या उजव्या हातात माईक, डाव्या हातात माझं बोट.

बोटाची रीत तू आबांच्या बैलबाजारातून उचलली होतीस. उपरण्याखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आबांनी लहानपणी आपल्याला ती खेळातल्यासारखी शिकवली होती. तू तिचा स्टेजवर उपयोग केलास. तुझी ओळ संपली की माझं ट्रम्पेट सुरू. तू बोट दाबून धरलंस म्हणजे अजून वाजव. सोडलंस की थांब, आता मी येते. लोकांना वाटायचं, किती प्रेमानं हात धरून गातात बहिणी. प्रेम कसलं, माझं बोट लाल व्हायचं. एकेका जागी तू एवढं लांबवायला लावायचीस की माझे गाल दुखायचे. खाली उतरले की मी चिडायचे. "अक्का, मी काय बँडवाल्यांकडं कामाला आहे?" तू पायरीवर बसून पाणी प्यायचीस, हसायचीस, आणि बराच वेळ काही बोलायची नाहीस. माझी थट्टा करते म्हणून मी आणखी चिडायचे.

मग ओझरच्या कारखान्याच्या वसाहतीतला गणपती. तिथले लोक शिकलेसवरलेले, मला धास्ती होती की आपल्याला हसतील. तू गायलीस आणि ते हसायचं विसरले. परदेशात राहून आलेले एक साहेब स्टेजमागं आले. "तुमच्या बहिणीचा आवाज ओळीच्या शेवटी असा तुटतो ना," ते मला म्हणाले, "आणि मग एकदम भरून येतो. तिकडच्या गायकांत असतं हे. त्याला सोल म्हणतात. शिकवून येत नाही." तू मागं खुर्चीवर टेकली होतीस. हात जोडलेस, मान हलवलीस, बोलली नाहीस. मी मात्र तो शब्द घट्ट पकडला. त्यानंतर कुठलंही मंडळ घासाघीस करायला लागलं की मी म्हणायचे, "गाणारे पुष्कळ मिळतील तुम्हाला, सोल आमच्याकडंच आहे." त्यांनाही अर्थ माहीत नसायचा. माना डोलवायचे आणि चहाबरोबर भजी यायची.

आता मुद्द्यावर येते. आपलं स्वतःचं गाणं. तू सरीत वाकून जुळवलंस आणि नाशिकच्या एका खोलीवजा स्टुडिओत आपण त्याची कॅसेट काढली. वेणीबरोबर मी ती बाजारात विकली, बायका आधी वेणी नाकाला लावायच्या, मग कॅसेट. "पिवळी साडी, केशरी काठ, शेतामधी गं डिस्कोचा थाट." मुखडा तुझा, त्याला माझी हरकत नव्हती. पण अंतरा मी मागितला होता.

"पहाटेचं दव गं पायाला गार," मग माझं लांबलचक ट्रम्पेट, आणि मग, "हिशोब नको सखे, नाच एकवार." ही दुसरी ओळ तू माझ्यावर केली होतीस. सगळ्या घराला ठाऊक होतं, तू स्वतः हसत कबूल केलं होतंस. मग माझ्यावरची ओळ मला म्हणू द्यायला काय जात होतं तुझं?

"पुढच्या गणपतीत घे," तू म्हणायचीस. गणपती यायचा. "नवरात्रात घे." नवरात्र यायचं, झेंडूचा हंगाम यायचा, लग्नसराई यायची. आयुष्यात मी कुणाला मला असं झुलवू दिलं नाही. पण तुझ्यापुढं माझा भाव कधी लागलाच नाही.

रमेशनं की-बोर्ड आणला तेव्हा वाटलं, सुटले. त्यात बटण दाबलं की ट्रम्पेट वाजायचं, अस्सल, पितळी. मी पेढे आणले. "अक्का, आता हे वाजवेल पॅ पॅ, मी अंतरा म्हणेन." तू एकदा त्याच्यावर गाऊन पाहिलंस. ओळ संपली, मशीन वाजलं, आणि नेमून दिल्यासारखं थांबलं. तू पुढच्या ओळीला आलीच नाहीस. रमेशनं पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

"नको," तू म्हणालीस. "मशीनचं नको. कुंदाचंच पाहिजे."

"अगं, हे सुरात आहे! कुंदा कधी कधी..." रमेश माझ्याकडं बघून थांबला.

"कुंदाला थांबायचं कळतं," तू म्हणालीस.

मला! पंचवटीत कुणालाही विचार, कुंदाला थांबायचं कळतं का. मी पेढ्यांचा पुडा उचलून घरी गेले आणि त्या आठवड्यात तुझ्याशी बोलले नाही. पेढे एकटीनं खाल्ले. ते मात्र चांगले होते.

मग डीजे आले. टेम्पोभर खोकी, एक पोरगा आणि त्याचा काळा चष्मा. आपल्याला जेवणाच्या पंगतीत गायला ठेवायला लागले. शेवटच्या लग्नात तू गात असताना त्या पोरानं मधेच आपली पेटी सुरू केली. मी सरळ जाऊन त्याची वायर उपटली. नवरदेवाचा मामा धावत आला, मी त्यालाही ऐकवलं. तू माईकवरून सगळ्या मांडवाला म्हणालीस, "आमची कुंदा हाय ती. घाबरू नका, चावत नाय." लोक पोट धरून हसले आणि पुढचं गाणं शांतपणे ऐकलं. परतताना मी धुमसत होते की कुणी बघतसुद्धा नव्हतं, जिलेबी चालली होती. तू म्हणालीस, "बघितलं नाय तू नीट. तालावर चावत होते."

नंतर रमेश नोकरीला लागला, मी फुलांच्या सजावटीचा धंदा उभा केला, तू आणि बेबी शेतावर राहिलात. लग्नाची स्थळं तू कधीच परत पाठवली होतीस. "मला प्रोग्रॅम असतात," असं सांगून. प्रोग्रॅम बंद झाल्यावरही तेच सांगत होतीस. मी सजवलेल्या प्रत्येक मांडवात डीजे असतो, अक्का, आणि मी त्याच्या खोक्यांवर एक फूल घालत नाही. तो मागतो. मी नाही म्हणते. अंतऱ्याचं मात्र तू बोलणंच टाकलंस, आणि मी ते बाळगून राहिले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप. मला वाटलं, अलीकडचं दुखणं असेल. भेटायच्या वेळेला मी फुलं घेऊन आले. तुझ्या नाकातोंडावर तो मास्क. तरी मी म्हटलं, "अंतरा द्यायचा राहिलाय, ध्यानात आहे ना? घेतल्याशिवाय तुला सोडणार नाही." तू डोळ्यांनी हसलीस. मग चादरीखालून माझं बोट धरलंस आणि दाबलंस.

"काय हवंय? पाणी?"

मानेनंच नाही म्हणालीस. अजून दाबलंस.

"इथं? वॉर्डात? वेड लागलंय का तुला?"

तू सोडेनास. मग काय करणार? मी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, पॅरा पॅ पॅ. तू दाबून धरलंस. मी आवाज थोडा वाढवला. शेजारच्या कॉटवरची म्हातारी उठून बसली. नर्स आली, "मावशी, काय चाललंय हे?" मी हातानं तिला थांब म्हटलं, कारण तोंड रिकामं नव्हतं. लांब वाजवलं, अक्का, घोटीपेक्षा लांब. तुझी छाती वरखाली होत होती, ती हळूहळू संथ झाली, आणि तू बोट सोडलंस. म्हातारी म्हणाली, "आणखी एक होऊ दे की." तू मास्कमध्ये हसलीस, काचेवर येतं तसं त्यावर धुकं आलं. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं. मी घरी जाऊन सांगितलं, मरणाच्या दारातसुद्धा तिनं मला ट्रम्पेटच दिलं.

आता कालची गोष्ट ऐक. गोडाचं जेवण झालं, रमेशनं की-बोर्ड काढला. थोरले मामा म्हणाले, "तेराव्याला डिस्को?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही लाडू घ्या." आणि जाहीर केलं की अंतरा मी म्हणणार. कुणाची हरकत? कुणाची नव्हती. एवढ्या वर्षांचा सौदा, समोर विरोधी गिऱ्हाईकच नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

मुखडा सगळ्यांनी म्हटला. मग मी एकटी. "पहाटेचं दव गं पायाला गार." बरी म्हटली, खरंच. आणि लगेच दुसरी ओळ धरायला तोंड उघडलं, तर रमेश आपला खालचा सूर धरून बसलेला. मी थांबले. तो वाजवतोय. मी थांबलेय. पाहुणे माझ्या तोंडाकडं बघतायत.

"अरे, आवर ना!" मी ओरडले.

"इथं तुझं ट्रम्पेट असतं," तो म्हणाला.

"एवढं लांब?"

"एवढंच लांब. कॅसेट ऐक हवी तर."

एवढी मोठी रिकामी जागा, अक्का. बैलगाडी वळवावी एवढी. मला त्या जागेत करायला काहीच नव्हतं. मी एका दमात दोन्ही ओळी म्हटल्या असत्या. एका दमात. ते मनात आलं आणि मी बेबीकडं बघितलं. बेबी खाली बघत होती.

"तिला दम लागायचा," बेबी म्हणाली. "लहानपणी तो मोठा ताप आला होता ना, तवापासून झडप अधू होती. डॉक्टर गाऊ नको म्हणले होते."

"तुला माहीत होतं?"

"मला आणि रमेशदादाला."

"आणि मला का नाही सांगितलं?"

बेबी रडत होती, तरी तिला हसू आलं. "तू पुढचे सगळे प्रोग्रॅम त्याच दिवशी बंद केले असतेस. आणि डॉक्टरच्या अंगावर गेली असतीस ते वेगळंच. अक्कानं शपथ घातली होती, कुंदीला कळू द्यायचं नाय."

केले असते. त्याच दिवशी. तू मला बरोबर ओळखलं होतंस. म्हणजे ते ओझरच्या साहेबांचं सोल, ती पायरीवरची हसरी गप्पगिरी, ते मशीन नको, सगळं माझ्या नाकासमोर होतं. आयुष्यभर मी बाजारात लोकांच्या डोळ्यांवरून भाव ओळखत आले, आणि ज्या हातात माझं बोट होतं त्याचा भाव मला कळला नाही. मला एकाच गिऱ्हाइकानं फसवलं, अक्का, आणि वर गाल दुखेपर्यंत राबवून घेतलं.

मी डोळे पुसले आणि रमेशला म्हटलं, "पुन्हा घे. बेबी, अंतरा तू म्हण."

"सोडतेस तू?"

"सोडत नाही. उसना देते."

बेबी माझ्या उजव्या बाजूला आली, तुझ्या जागी. पहिली ओळ म्हणाली, आणि मी वाजवायला लागले. तिनं माझं बोट धरून दाबलं. तिला कसला दम लागतोय, धडधाकट बाई, झेंडूचे क्रेट एकटी उचलते. तरी दाबून धरलं. मी वाजवत राहिले. मामांचा लाडू तालावर हलत होता. तुझ्या फोटोपाशी ठेवलेल्या त्या ब्लाउजच्या टिकल्या अंगणात गळल्या होत्या, त्या कुणाच्या तरी पायाखाली चमकल्या; त्या टेलरला मी अजून माफ केलेलं नाही.

तुलाही नाही. अंतऱ्याची तक्रार जशीच्या तशी आहे. ती मिटवायची तर तुलाच यावं लागेल. पण घाई करू नकोस. टेकत, दम खात, सावकाश ये. तोवर मी वाजवते.